पळसाच्या पानांचा मैलकुली

बेपत्ता नोकराच्या बायकोला पेन्शन हवी असेल तर आधी त्याच्या भावाला मार खावा लागतो, हे नियमात कुठे लिहिलेलं नाही. नव्वदच्या आसपास पनवेलच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो, तिथे ते कळलं.

आमचा एक मैलकुली, म्हणजे रस्त्याचे खड्डे बुजवणारा कायम नोकर, पळस्प्याच्या नाक्यावर घमेलं-फावडं ठेवून गेला तो परतलाच नाही. पूर्वी अशा माणसाची बायको सात वर्षं थांबायची, मग कायदा त्याला मेलेला मानायचा. नवा नियम दयाळू होता. तक्रारीला एक वर्ष झालं आणि ‘शोध घेतला, सापडला नाही’ असा पोलिसांचा दाखला असला की पेन्शन. साहेबांनी तो आम्हाला उभ्याने वाचून दाखवला, जणू त्यांनीच रचला होता.

दाखला म्हटला की शोध आला. चौकीला शोधाची एकच पद्धत ठाऊक होती. त्यांनी धाकट्या भावाला उचलला, टांगला आणि तळव्यांवर पट्टा चालवला. “भावाला कुठं पुरलास?” तिसऱ्या दिवशी तो रांगत घरी गेला. उभं राहता येऊ लागल्यावर पहिलं काम त्याने केलं ते वहिनीला बदडण्याचं. तक्रार तिची होती.

मग भावकीने तोडगा काढला. माणूस मेला असं ठरलं की शोध संपेल, शोध संपला की मार संपेल. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून जाळायची रीत आहे. तो जाळला. बायको बांगड्या उतरवायला तयार नव्हती म्हणून भावकीतल्या दोघींनी तिला धरली, तिचे हात पाट्यावर ठेवले आणि दिराने वरवंट्याने बांगड्या फोडल्या. बांगड्यांबरोबर एक मनगटही फुटलं.

वर्ष भरल्यावर ती दाखला घेऊन कचेरीत आली. हात बोडके, मनगट वाकडं, कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू. मागोमाग दीर.

“मेला तो, साहेब. आमी जाळला,” दीर म्हणाला.

साहेब खुलले. नियमात बसत नाही असं काही सापडलं की ते खुलत. “मग हे बेपत्ताचं प्रकरणच नाही. बाई, मृत्यूचा दाखला आणा.”

“पानं जाळली, त्याचा दाखला कोन देल?” ती म्हणाली. “आनि तो परत आला तर पैसे भरीन, असा कागद लिवून माजा अंगठा घेतलाय ना तुमी? म्हंजे सरकार म्हनतंय तो येल. मंग मेला कसा?”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

“लई शानी झाली! चल घरा!” दिराने तिचे केस धरून तोंड टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. एक दात कागदांवर पडला. आम्ही अकराजण बसून होतो.

“घरगुती बाब आहे,” साहेब पुटपुटले.

मी उठलो तो कागद वाचवायला, हे कबूल करतो. दिराने माझ्याच टेबलावरचा लाकडी रूळ उचलून माझ्या भुवईवर हाणला. रक्त डोळ्यात उतरलं.

“सरकारी नोकराच्या अंगावर हात!” साहेब गरजले. आता सगळे उठले. तिघे शिपाई दिराच्या छातीवर बसले, चौथ्याने बरगडीत लाथा घातल्या. पोलीस घेऊन गेले. त्याच तावात, दिराची जिरवायची म्हणून, साहेबांनी तिच्या प्रस्तावावर सही ठोकली.

साहेब आपल्या खोलीत गेले. ती पदराने तोंड दाबून माझ्या टेबलापाशी उभीच होती.

“भाऊसाहेब, कागदावरचा पत्ता बदला. आपट्याचा लिवा, माज्या आयेच्या गावचा. सुटल्यावर तो आधी घरीच येल.”

“सही झाल्यावर खाडाखोड चालणार नाही,” साहेब आतून म्हणाले.

मी जुना पत्ता खोडला, नवा लिहिला आणि बाजूला माझीच सही केली. तिला वाचता येत नव्हतं. तरी लिहून होईपर्यंत ती टेबलापासून हलली नाही. मग घरी न जाता थेट एसटी स्टँडकडे गेली.