मिराशी सरांच्या रुमालाची गाठ

जेवणानंतर केतकी टेबलावर डोकं टेकते, ते म्हणे फक्त पाच मिनिटं. भेंडीची भाजी, वर ग्लासभर ताक. डोळे काय ऐकतात! समोर स्क्रीनवर ऑफिसातल्या ज्येष्ठ मिराशी सरांचा कोड उघडा आहे. रक्तपेढीतली कुठली पिशवी कुठल्या पेशंटला द्यायची, ते ठरवणारा. सगळा एकाच फंक्शनमध्ये कोंबलेला, ‘जर’च्या पोटात आणखी ‘जर’. गुंतागुंत मोजणाऱ्या टूलनं आकडा दिलाय एकशे बारा. पंधराच्या वर गेलं की धोका.

मॅनेजर आल्हाद सकाळीच म्हणालाय, "मोडून नव्यानं लिही बाई. हो की नाही, आज सांग."

सरांना जाऊन वर्ष होत आलंय. त्यांच्या हातचं मोडायचं म्हणजे जिवावर येतं. तसंच ठेवावं, तर एखाद दिवशी चुकीची पिशवी जाईल, ही भीती.

"काय गं, झोपा काढायचा पगार मिळतो का?"

दारात सर. तोच अर्ध्या बाह्यांचा निळा शर्ट. केतकीला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं.

ती उठते, तर ऑफिसची भिंतच नाही. लांबलचक बोळ आणि दारंच दारं. एक दार पॅन्ट्रीत उघडतं, त्याच्या आतलं तिच्या शाळेच्या व्हरांड्यात. तिथं खुंट्यांवर दप्तरांच्या जागी रक्ताच्या पिशव्या टांगल्यात.

"अहो सर, काय हा पसारा! एकशे बारा!"

"मोजलीस? शाबास. पेढीतून फोन यायचा, घाई असायची, मी आणखी एक दार पाडायचो."

"मग मोडू?"

"मोड की! मी काय रडत बसणार आहे? पण आकडा मोठा म्हणून नको. आत शिरायला तुला भीती वाटते ना, म्हणून मोड. आणि आधी दारादाराला घंटा बांध. भिंत हलवताना एखादी वाजायची थांबली, तर लगेच कळेल."

घंटा म्हणजे कोडच्या चाचण्या, हे तिला न सांगता कळतं.

एका अरुंद दाराच्या कडीला बाळाचं टोपडं अडकवलंय. केतकी दार ओळखते. रक्तगट दुसऱ्यांदा तपासणारी ओळ. ती खोडायचं तिनं कालच ठरवलंय.

"हे उगाच आहे, सर. एकदा तपासलंय की."

"ते बाळाचं. हे आईचं." सरांचा आवाज बारीक होतो. "तान्ह्या बाळाला द्यायचं रक्त आईच्या रक्ताशीही जुळवून बघतात. घाईत ओळ घातली, कारण लिहायचं राहिलं गं."

काही राहिलं की रुमालाला गाठ मारायची, काम झालं की सोडायची, ही सरांची सवय. सर गेल्यावर दवाखान्यातून रुमाल घरी आला, तेव्हा एक गाठ तशीच होती. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, ऑफिसात सगळ्यांना विचारलं, कशाची असेल हो? कुणालाच सांगता आलं नाही.

"सर, ती गाठ..."

सर तिच्या ओढणीचं टोक हातात घेतात.

"केतकी! अगं, चहा गार झाला." आल्हाद टेबलावर टकटक करतोय. "मग, काय ठरलं?"

तिच्या गालावर कीबोर्ड उमटलाय, डोळे भरलेत.

"मोडते. पण आधी चाचण्या. आणि थांब, पेढीत एक विचारू दे."

पेढीतल्या ताई फोनवर म्हणतात, "हो तर! तान्ह्या बाळासाठी आईचंही बघतोच आम्ही."

केतकी त्या ओळीवर कारण लिहिते, खाली पहिली चाचणी. ओढणी सावरायला जाते, तर टोकाला गाठ. चांगली घट्ट, दुहेरी, सरांच्या पद्धतीची. सोडवताना नखं दुखतात.

मग ती फोन उचलते.

"काकू, सरांचा रुमाल ठेवलाय ना? सोडा आता ती गाठ."