थेट मार्ग नाही, असे गृहीत धरून

दुसऱ्यांचं बोलणं नीट पोहोचावं म्हणून आमच्या साडूंइतका झिजलेला माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि गेली बारा वर्षं एकाच प्रश्नावर पीएच.डी. करताहेत. बोलणारा लांब, ऐकणारा लांब, मध्ये एक टॉवर, तिघांनाही चार-चार अँटेना आणि भोवती इतरांचा गोंगाट. तर बोलणाऱ्यानं कसं बोलावं, टॉवरनं पुढं कसं धाडावं आणि ऐकणाऱ्यानं कान कुठं द्यावा? तिघांचं एकदम जमत नाही. म्हणून दोघांना जागेवर धरून तिसऱ्याला थोडं सुधारायचं, मग पुढच्याला, अशा फेऱ्या मारायच्या. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात गुरुजींचं ऐकू येईना, तेव्हा त्यांनी गुरुजींना, स्पीकरला आणि वरपक्षाला असंच आळीपाळीनं हलवलं. सातव्या फेरीला मंत्र स्वच्छ ऐकू आले, पण तोवर गुरुजी आचाऱ्याच्या चुलीपाशी पोहोचले होते आणि नवरामुलगा रस्त्यावर. "दर फेरीला सुधारणा होतेच," साडू घाम पुसत म्हणाले.

त्यांचे वडील, आप्पा, मंद्रूपला शेती बघतात. त्यांनी एकदा चारचौघांत विचारलं, "बारा वर्सं झाली की रं, एक रेडिओ तरी वाजवून दावलास का?" झालं! बापलेकांचं बोलणं बंद. मध्ये टॉवर म्हणून मी. आप्पांचा फोन यायचा, "हुरडा आलाय. त्याला म्हनावं, तुजी वाट कुनी बघत न्हाय." मी साडूंना सांगायचो, "हुरड्याला बोलावलंय." साडू म्हणायचे, "वेळ नाही म्हणावं." मी आप्पांना सांगायचो, "फार यायचंय हो त्यांना, पण परीक्षा चालू आहेत." एवढी सफाई करूनही भेट काही होईना, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

गेल्या थंडीत आप्पा आजारी पडले. मी निरोप पोहोचवला, "आप्पा म्हणाले, बाळा, एकदा येऊन जा."

साडूंनी चष्मा काढला. "आप्पांनी मला जन्मात बाळा म्हटलेलं नाही. हा शब्द टॉवरचा आहे." आवाजात राग नव्हता, चूक सापडल्याचा आनंदच होता. "मूळ निरोप सांगा."

मी मान खाली घालून सांगितलं, "त्याला म्हनावं, मेलो तरी येऊ नगंस."

साडूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग "हे आप्पाच," म्हणाले आणि हेल्मेट घेऊन उठले. दारात थांबून म्हणाले, "बारा वर्षं प्रत्येक गणिताच्या पहिल्या ओळीत लिहितोय, दोघांमध्ये थेट मार्ग नाही असं गृहीत धरू. कधी तपासून बघितलंच नाही हो."

आप्पा बरे झाले. आता बापलेक रोज सकाळी फोनवर अर्धा तास भांडतात. प्रबंध आहे तिथंच आहे. माझा फोन मात्र गप्प असतो, आणि खोटं कशाला बोलू, मला चुकल्यासारखं होतं. यंदाही मंद्रूपला हुरडा झाला म्हणे. आप्पांना वाटलं, मला साडूंनी सांगितलं असेल. साडूंना वाटलं, आप्पांनी. तेवढा एक निरोप पोहोचवायला मध्ये कुणी नव्हतं.