परतीच्या गाडीआधी

दिनांक १० मार्च १९७४, रविवार. स्थळ: भिवापूरची शाळा, मोठा वर्ग. कारण: विणकर सोसायटीची सर्वसाधारण सभा. हजर: अध्यक्ष काकाजी, नागपूरकडचे सभासद, भिवापूरकडचे सभासद, आणि सोसायटीची कारकून म्हणून मी. सगळे सतरंजीवर बसलेले. एकच बाई उभी, दारात, चौकटीला पाठ लावून. त्या मावशी.

मावशींना मी कुठल्याच सभेत बसलेले पाहिले नाही. खांद्याला कापडी पिशवी, पायात चपला तशाच, एक डोळा बोलणाऱ्याकडे आणि एक बाहेरच्या उन्हाकडे. कोणी "बसा ना" म्हटले तर उत्तर ठरलेले. "बसलं का उठाले येळ लागते. अन् गाडी काही माह्या गुडघ्यासाठी थांबत नाही." भिवापुरात त्यांचे दोन माग होते. एक त्या चालवत, दुसरा सून चालवी. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगा वीटभट्टीवर जाई. घर चालायचे ते मागांवर.

त्यांच्या उभे राहण्यामागे कारण होते, आणि ते समजायला सभेचा क्रम सांगावा लागेल. त्याआधीच्या सगळ्या सभा नागपुरात, सक्करदऱ्याच्या समाजमंदिरात झाल्या. आम्ही तिथलेच. आमच्याकडचे सभासद घरी जेवून, डुलकी काढून सभेला येत. भिवापूरचे पहाटे छोट्या लाइनच्या गाडीत बसत, इतवारीला उतरून चालत येत, आणि संध्याकाळच्या गाडीने परतत. आधी मागचे इतिवृत्त, मग हिशेब, मग सत्कार, मग चहा. मतदान चहानंतर. चहा येईपर्यंत भिवापूरकडची सतरंजी रिकामी व्हायची. आमची माणसे तशीही थोडी जास्त होती. ती सतरंजी रिकामी झाली की उरत ते आम्हीच. याला कोणी लबाडी म्हणत नव्हते. वहिवाट म्हणत.

मावशी दर सभेला दारातून एकच मागणी करत.

"काकाजी, चहा मतदानाच्या मांगून ठेवा ना जी."

"काहून वं मावशी, सक्करदऱ्याचा चहा कडू लागते काय तुले?"

"चहा गोडच हाय. त्याच्यानंतर जे येते ते कडू लागते."

लोक हसत. काकाजीही हसत. माणूस वाईट नव्हता. गल्लीत कोणाचा माग मोडला तर स्वतः हातोडी घेऊन जाणारा. पण त्याला गल्लीतले माग दिसत, भिवापूरचे दिसत नसत.

त्या वर्षी सुताची टंचाई आली. आमच्या गल्लीत दुपारी खटखट ऐकू येईना. माझ्या वडिलांचा मागही आठवड्यातले काही दिवस बंद असे. आमच्याकडच्या लोकांनी ठराव आणला: भिवापूरचे सूत-वाटप केंद्र बंद करावे, सगळे सूत नागपुरातूनच द्यावे. केंद्राचे भाडे वाचेल, चौकीदार वाचेल. तर्क चुकीचा नव्हता. पण भिवापूरच्या विणकराला मग दर खेपेला सुतासाठी एक दिवस गाडीत घालवावा लागणार होता. मावशींनी मला सरळ सांगितले, "केंद्र गेलं तर दुसरा माग बंद. सूत आणाले मी येईन, का सून येईन, एक माग तं रिकामाच राहीन."

ही सभा भिवापुरात व्हावी म्हणून मावशींनी काकाजींच्या घरी कितीदा खेटे घातले ते मी पाहिले होते. शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. मी तयारीसाठी आदल्या दिवशी गेले, मावशींकडेच उतरले. धुळवड नुकतीच झालेली. अंगणातल्या दगडांवर अजून रंग होता. संध्याकाळी वामन आला. तरुण विणकर, आवाज मोठा, मावशींना मानणारा.

"मावशी, तिकडचे ज्यादा हायत. आपण एवढ्या दुरून हात वर कराले जातो. आपल्या एका हाताचे दोन मोजा म्हणा ना."

मावशी रहाटावर कांड्या भरत होत्या. हात थांबला नाही.

"छप्पन साली मी सासू-सासऱ्यासंगं नागपूरले दीक्षेले गेली होती. काहून गेली होती, माहीत हाय ना तुले? कोणी आपल्याले एक माणूस म्हणून मोजावं, एवढ्यासाठी. आता मीच दोन मोजा म्हणू? मंग उद्या कोणी म्हणन, हिचा अर्धाच मोजा."

"मंग हरा," वामन म्हणाला.

"एकच मोजा. पण मोजाच्या वेळी मले तिथं राहू द्या. एवढंच माहं भांडण हाय."

वामन उठून गेला. त्याने मनात काय ठरवले ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळले.

सभा वेळेवर सुरू झाली. आमच्याकडचे बरेच जण आले होते. सुताचा प्रश्न सगळ्यांचाच होता. पण चर्चा सुरू झाली आणि संपेना. भिवापूरचा एक जण बसला की दुसरा उठे. एकाने केंद्राच्या जागेचा इतिहास सांगितला, एकाने मिरचीच्या बाजाराचा. काकाजी घड्याळ बघू लागले. आमच्या सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली. संध्याकाळची गाडी चुकली तर मुक्काम, आणि मुक्काम म्हणजे दुसऱ्या दिवशीचा माग बंद. पिशव्या उचलल्या गेल्या. तेव्हा वामन हात जोडून म्हणाला,

"जा ना काकाजी, गाडी सुटन. उरलेलं आम्ही पाहून घेतो."

त्यांच्या सतरंजीवर हशा पिकला. आमच्याकडे कोणी हसले नाही. काकाजींचा चेहरा उतरला. आपणच घातलेली वहिवाट आपल्यावर उलटली हे त्यांना कळले होते. ते दाराकडे गेले. दारात मावशी होत्या.

"बाजूले व्हा मावशी."

"सोडा त्याहिले," मागून वामन ओरडला. "मावशी, तुमचाच माग हाय."

त्यांनी एक पाऊल बाजूला टाकले असते तर केंद्र राहिले असते आणि दुसरा मागही. मी हातात शिक्का घेऊन उभी होते. मावशी वामनकडे पाहून म्हणाल्या, "तिकडे हेच होते म्हणून मी इतके वर्ष भांडली. इथं तेच करू काय?" मग माझ्याकडे वळल्या. "शिक्का घे वं पोरी. चाल टेसनावर. सभा तिथंच होईन."

"सभा प्लॅटफॉर्मवर होत नसते," काकाजी म्हणाले.

"तुमची सभा गाडीच्या वेळेवर संपते ना जी? मंग गाडीपाशीच होऊ द्या."

गाडी आलेली होती. समोरून येणाऱ्या गाडीसाठी ती भिवापूरला थोडी थांबे, तेवढाच वेळ हाती होता. आमची माणसे डब्यांत चढली, भिवापूरची प्लॅटफॉर्मवर उभी राहिली. मी ठराव मोठ्याने वाचला. केंद्र बंद करावे या बाजूचे हात वर करा म्हटले, आणि डब्यांच्या खिडक्यांतून एकेक हात बाहेर आला. बोटांना, नखांना धुळवडीचा रंग तसाच. मी इंजिनापासून मोजत निघाले. वामन शेजारून चालत माझ्याबरोबर मोजत होता. तिसऱ्या डब्यापाशी तो थबकला.

"ओ भाऊ, तुम्ही कोण?"

"मी तं नागभीडहून येऊन राहिलो. सगळ्याहिनं केला म्हणून म्याबी हात वर केला."

तो हात खाली गेला. पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. समोरच्या गाडीची शिटी ऐकू आली. मग प्लॅटफॉर्मवरचे हात मोजले, मावशींचाही. चार हात कमी पडले. केंद्र बंद.

काकाजी खिडकीत होते. आनंद दिसत नव्हता. गाडी हलली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मावशी, पुढच्या वर्षीपासून मतदान आधी. चहा मांगून." मावशींनी मान हलवली. वामनने गळ्यातला दुपट्टा काढून जमिनीवर आपटला.

"तुम्ही बुडवलं आम्हाले."

"केंद्र मतानं गेलं, वामन. चोरीनं नाही गेलं. मतानं गेलेलं मतानं वापस आणता येते. चोरीनं ठेवलं असतं तर कोणाच्या तोंडानं मांगितलं असतं?"

त्याने ऐकले नाही. भिवापुरात बरेच दिवस मावशींशी कोणी नीट बोलले नाही. विहिरीवर बाया त्यांना वाट देत, पण शब्द देत नसत. हे मला त्यांच्या सुनेने सांगितले. मावशींनी तो विषय कधी काढला नाही.

पुढे त्या सुतासाठी नागपूरला येत, आमच्या गोदामाच्या दारात उभ्या राहत, गठ्ठा घेऊन गाडी गाठत. दुसरा माग बंद पडला. मग सून लेकरे घेऊन कामासाठी सक्करदऱ्याला आली, आणि मागोमाग मावशीही. त्यांचे नाव भिवापूरच्या यादीतून काढून नागपूरच्या यादीत मीच चढवले. भिवापूरचा एक हात कमी झाला, आमचा एक वाढला. मावशींना म्हटले, आता तुम्ही आमच्यातल्या. त्या म्हणाल्या, "हात तं तोच हाय." आता त्यांना कुठलीच गाडी गाठायची नव्हती, घर दहा पावलांवर होते. तरी सभेत त्या दारातच उभ्या राहत. ऊन कलले की आत बघून म्हणत, "गाडीवाल्याहिले आधी हात वर करू द्या." काकाजी होते तोवर तसे होत गेले. ते गेल्यावर नवे अध्यक्ष आले. चहा पुन्हा आधी आला.

गेल्या उन्हाळ्यात मावशी धंतोलीतल्या एका दवाखान्यात होत्या. मी रोज जात होते. एका दुपारी वॉर्डच्या दारात एक माणूस उभा दिसला. केस पांढरे, खांद्याला पिशवी. वामन. मी स्टूल पुढे केले. "बसत नाही," तो म्हणाला. "गाडी हाय." मावशींनी डोळे उघडले, त्याला तिथे उभा पाहिले आणि हसल्या. त्यांनी फक्त विचारले, "केंद्राचं काय झालं गा?" तो म्हणाला, "नाही आलं अजून." दोन दिवसांनी मावशी गेल्या.

आता सभेत वामन दारात उभा असतो.

केंद्र परत आणायचे तर आधी भिवापूरच्या माणसांचे हात मोजले गेले पाहिजेत. त्यासाठी पोटनियमात एक ओळ हवी: मतदान परतीच्या गाडीआधी. ही दुरुस्ती दर वर्षी सभेपुढे येते, पण सातवा विषय म्हणून, चहानंतर. तोवर गाडीवाले गेलेले असतात आणि दुरुस्तीला लागतात तेवढे सभासद हजर उरत नाहीत. मग विषय पुढच्या सभेकडे जातो.

येत्या रविवारी सभा आहे. सतरंज्या धुऊन झाल्या. माठ भरणारा सांगून ठेवला. इतिवृत्त लिहिले. चहाचे सामान आणले. सातवा विषय पहिला करायचा तर विषयपत्रिकेवर अध्यक्षांची सही हवी. दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले, दोनदा म्हणाले, पाहू. कागद पिशवीत आहे. सही व्हायची आहे.