पुरावा पुसू नकोस

"पुरावा पुसू नकोस!"

फाटकाची कडी वाजायच्या आधी हे वाक्य आत यायचं, आणि मागून धोतराचा सोगा सावरत शेजारचे काका. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. स्वतःला सायकलसुद्धा येत नसे, पण रत्नागिरीत कुणाची मोटारसायकल गळते आहे असं कानावर आलं की या गृहस्थांच्या अंगात संचारायचं. तुमच्याही आळीत असं कुणीतरी असेलच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नोकरी लागल्यावर मी एक जुनी मोटारसायकल घेतली आणि आमच्या सारवलेल्या अंगणात रोज ऑइलचा काळा डाग पडू लागला. मेकॅनिकनं इंजिनाची पॅकिंगं बदलली, तरी डाग आपला तसाच. "रविवारपर्यंत हे गळणं थांबलं नाही तर गाडी विकायची," वडिलांनी बजावलं. माझा सगळा जीव त्या गाडीत अडकला होता.

रविवारी काका आले. त्यांनी माझ्याकडून इंजिन रॉकेलनं धुऊन घेतलं. "आता फडकं लावलंस तर याद राख मेल्या!" आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून हाक मारली, "अगो, तुझ्या पावडरचा डबा दे!"

"त्या धुडाला?" काकू पलीकडून किंचाळल्या. पण डबा आला.

इंजिन पांढरंफटक झालं. मी ते थोडा वेळ चालू ठेवून बंद केलं आणि आम्ही दोघं श्वास रोखून उकिडवे बसलो. वडील पायरीवर विडी ओढत निकालाची वाट बघत होते.

पॅकिंगपाशी पावडर कोरडी. "हा निर्दोष!" काका ओरडले. तरी खाली काळा थेंब टपकलाच.

"वर बघ, वर!"

टाकीखालच्या कॉकच्या तोटीपासून एक बारीक ओली रेघ पावडरीतून खाली उतरत होती. काकांनी ती बोटाला लावून हुंगली आणि वडिलांवरच गरजले, "विडी घेऊन आधी लांब व्हा!" वडील चक्क फाटकाबाहेर पळाले.

ऑइल गळतच नव्हतं! पेट्रोल झिरपत होतं आणि तळाच्या खाचांतली जुनी मळी घेऊन काळं होऊन पडत होतं.

"म्हणजे पेटायचीच की! विकून टाक," वडील बाहेरून म्हणाले.

"वा! गुन्हा कॉकच्या वॉशरचा, आणि फाशी गाडीला?"

वॉशर बदलला. दुसऱ्या दिवशी अंगण कोरडं. वडील दोनदा वाकून बघून गेले आणि विकण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मी काकांना मागे बसवून मांडवीच्या जेटीपर्यंत नेलं. वाटभर ते नुसते ओरडत होते, आनंदानं.

काही वर्षांनी काका गेले. त्या दिवशी नातेवाइकांची ने-आण करून मी गाडी त्यांच्याच अंगणात लावली होती. संध्याकाळी काढायला गेलो, तर खाली डाग. या वेळी खरोखरच ऑइलचा. एरवी हा डाग बघून ते धावत आले असते. मला रडू फुटलं. घाईघाईनं फडकं काढून वाकलो.

काकू ओटीवर बसल्या होत्या.

"पुसू नको रे," त्या म्हणाल्या.