बचाववाली

राज्य स्पर्धेचं सोनं जिंकून आलो तेव्हा वर्ध्याच्या एका सभागृहात आमचा सत्कार होता. मी सोळा वर्षांची. हँडबॉल संघटनेचे अध्यक्ष माईकवर एकेकीला विचारत होते, किती गोल मारले. माझी पाळी आली.

“एकबी नाई,” मी म्हणाले.

“मंग मेडल कायचं? जा, पाहुण्यायले पाणी दे.”

सभागृह हसलं. मी ट्रे उचलला. उचलला, एवढंच. प्रत्येकासमोर वाकताना गळ्यातलं मेडल ग्लासांवर आपटत होतं. आमच्या गावाहून, रोहण्याहून, सकाळची भाजी विकून आलेला माझा बाप शेवटच्या रांगेत होता. तोही हसत होता. सगळे हसतात म्हणून. मला राग आला नाही, रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

आमच्या खेळात चेंडू आपल्याकडे आला की बचाववाली धावत बाकावर येते आणि तिच्या जागी गोल मारणारी आत जाते. मी जन्मभर हेच केलं. फायनलला एकीचं कोपर नाकावर बसलं, रक्त गिळलं, पण तिला पुढे सरकू दिलं नाही. हे कुठल्या कागदावर लिहीत नाहीत. पुढे राष्ट्रीय स्पर्धेतही सोनं मिळालं. कोणी विचारलं की मीच म्हणायचे, मी कुठं खेळले, नुसती उभी होते.

आता पिपरी मेघेच्या मैदानावर मी कोच आहे. आणि खरं सांगते, संघाच्या फोटोत बचाववाल्या पोरींना मीच कडेला ढकलत आले. अध्यक्षांचं काम मी फुकटात करत होते.

यंदा संघाच्या निवडीच्या दिवशी तेच अध्यक्ष आले. केस पिकले, खुर्ची तीच. माझ्या हातातल्या यादीवर बोट ठेवलं.

“ह्या आष्टीच्या पोरीचं नाव काढ, माह्या पुतणीचं टाक. सर्टिफिकेट लागते तिले नोकरीसाठी. हिचा तं एकबी गोल नाई.”

पुतणीच्या हातात मी कधी चेंडू पाहिला नव्हता. आष्टीची पोरगी चार पावलांवर उभी होती, दोन बोटं पट्टीनं एकत्र बांधलेली. तिनं सगळं ऐकलं. आणि मान हलवली. बरोबर आहे म्हणून.

ती हललेली मान मला सहन झाली नाही.

“नाव निघनार नाई.”

“पुढच्या साली कोच राहाचं नाई काय तुले?”

“नाव निघनार नाई.”

मी त्यांच्यासमोरच सही केली. जिंकल्यासारखं मात्र वाटलं नाही.

ते गेल्यावर पोरगी जवळ आली. “म्याडम, माह्यासाठी काऊन भांडता?”

“तुह्यासाठी नाई,” मी म्हणाले. “अन् पुन्हा अशी मान हलवशीन तं मीच तुले संघातून काढीन.”

अध्यक्ष मला काढतील. काढू देत. यादीची प्रत माझ्याजवळ आहे. एक नाव जरी बदललं तरी मी क्रीडा कार्यालयात जाईन, तिथं ऐकलं नाही तर त्याच्या वर जाईन. मला गोल मारता येत नाही, साहेब. अडवता येतं. इतकी वर्षं चुकीच्या माणसांना अडवलं, स्वतःला आणि माझ्याच पोरींना. आता तुम्हाला अडवणार.