गावाचा बहिष्कार होता, तरी मी मत दिलं

मंडळी, आज आमच्या गावानं लोकसभेच्या मतदानावर बहिष्कार टाकला होता. खर्डीपासून आत आमचं गाव आहे. ओढ्यावर पूल मागून मागून सगळे थकलेत. राग खरा आहे, माझाही आहे.

तरी दुपारी मी शाळेतल्या मतदान केंद्राकडे निघाले. देवळापाशी चुलत सासऱ्यांनी हटकलं, "गावाचा शब्द मोडते का गो? तुझ्या एका मतानं दिल्लीत काय होनार?"

मी म्हटलं, "नाना, पुलाच्या मोर्च्यात मी तुमच्याबरोबर चालले. उद्या परत चालेन. पण आज आपण घरात बसलो, तर खासदार बाकीचेच निवडतील. मग पूल कोणत्या तोंडानं मागायचा?"

नानांनी आणि देवळापाशी बसलेल्या बाकीच्यांनी माना फिरवल्या. मी थांबले नाही.

केंद्रात शुकशुकाट होता. बोटाला शाई लावून घेतली, बटण दाबलं आणि बाहेर आले, तर दारात सासूबाई. गेल्या पावसाळ्यात आजारी असताना त्यांनाच खाटेवर घालून ओढा पार करावा लागला होता. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू घरी जा, भात टाक. मी मत देऊन येते."

संध्याकाळपर्यंत आणखी काही जण आले. नाना आले नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो. पण मतमोजणीत आमच्या गावापुढे शून्य नसेल, याचं मला समाधान आहे.

तुमच्या गावानं असं ठरवलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?