आजीची गुरुवारची प्रार्थना

आमच्या घरात एखादं गुपित ठेवायचं असेल, तर ते आधी देवापासून लपवावं लागायचं. कारण देवाला कळलं की गुरुवारी दुपारी साडेतीनला ते सगळ्या गल्लीला कळायचं. मधला निरोप्या म्हणजे माझी आजी.

दर गुरुवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थना आळीपाळीनं एकेकीच्या घरी असायची. नळाला नेमकं त्याच दिवशी पाणी आलं तर शुक्रवारी, एरवी काहीही झालं तरी गुरुवारीच. सोलापुरातला मे महिना असो, पत्रा तापून घराची भट्टी होवो, दहा-बारा बायका सतरंजीवर बसणार, एक गीत म्हणणार, एक उतारा वाचणार आणि मग एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करणार. आजी वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून तिचा नंबर शेवटी. ती वीस मिनिटं घ्यायची. घरातलं एकही माणूस ती सोडायची नाही आणि एकही आजार.

बाबांची मूळव्याध साऱ्या बायकांना त्यांच्या डॉक्टरच्या आधी कळली. काका परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, ते त्यानं काकूला सांगायच्या आत समोरच्या घरातल्या तेलुगू मावशींना माहीत होतं. दहावीत मला गणितात किती कमी मार्क पडले आणि मी ते कसे लपवले, हेही तिनं साग्रसंगीत देवाच्या कानावर घातलं. संध्याकाळी मी दुकानात गेले तर एक बाई मला म्हणाल्या, घाबरू नकोस, आम्ही सगळ्या तुझ्यासाठी मागतोय. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी घरी येऊन आदळआपट केली. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, असं तूच शिकवतेस ना, मग मोठ्यानं कशाला सांगायचं? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, त्याला ठावं असतंय, पर मागितल्याबिगर तो देत न्हाय. तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं.

ती माढ्याकडच्या खेड्यातली. एरवी तिची बोली सगळी तिकडचीच होती, पण डोळे मिटले की ती वेगळीच बाई व्हायची. हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणी नम्रपणे विनंती करते, असं पुस्तकी आणि शुद्ध बोलायची. तिचा क्रमही ठरलेला होता. पहिले आजोबा, मग तीन मुलं, सुना, शेवटी नातवंडं वयाप्रमाणे. आजोबांबद्दल मात्र ती कधी काही मागायची नाही. नुसते आभार मानायची. असा घरधनी दिलास म्हणून आभार, आणि पुढच्या माणसावर. आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. घरात त्यांच्यासमोर कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. ते अंथरुणाला खिळल्यावर दर शनिवारी संध्याकाळी ती त्यांची दाढी करायची, कारण रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाता येत नसलं तरी माणूस नीटनेटका दिसला पाहिजे. ते गेल्यावरही तिचं आभार मानणं चालूच होतं.

मंडळीत तिची ख्यातीच तशी होती. नव्या सुनांना तिचा दाखला देत. माझं लग्न लागलं तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत मला सांगितलं, संसार कसा करायचा ते लांब कुठं शिकायला जाऊ नकोस, तुझ्या आजीकडं बघ. सगळे कौतुकानं हसले. आजी मात्र पदर सारखा करत खाली बघत बसली. मला वाटलं, लाजली.

स्थळ पुण्याचं होतं. मंडळीतल्याच लोकांनी आणलेलं, सासरे तिकडच्या देवळात वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. दीड वर्षानं एप्रिलमध्ये मी एक बॅग घेऊन घरी आले आणि सुट्टीला आले म्हणून सांगितलं. आईबाबांनी ते मान्य केलं, कारण त्यांना ते मान्य करायचं होतं. आजी भाकरी थापत होती. परातीवरचा हात न थांबवता तिनं विचारलं, मारतो का? मी हो म्हटलं. किती बारी? दोनदा, म्हटलं, आणि तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा निघून आले. तिनं तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं, ती उलटली, फुगेपर्यंत बघत बसली. मला वाटलं आता ती काही बोलेल. जवळ घेईल. ती म्हणाली, खाऊन घे गरम हाय तवर.

मला इतका संताप आला की भूक मेली. पण त्याहून मोठी भीती गुरुवारची होती. मी तिला निक्षून सांगितलं की हे सभेत काढायचं नाही. देवाला सांगायचंच असेल तर मनात सांग. शपथ घे म्हटलं, तर म्हणे, शपथ मी घेत न्हाय, न्हाय सांगणार म्हणलं की न्हाय.

आणि तिनं शब्द पाळला. तिच्या पद्धतीनं. त्या गुरुवारी ती आजोबांपासून निघाली, मुलं झाली, सुना झाल्या, थोरला नातू झाला, आणि माझा नंबर आला तशी ती थांबली. नुसती थांबली. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. एकेक बाई डोळे किलकिले करून आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागली. चांगली मिनिटभर गप्प बसून आजी धाकट्या नातवावर गेली. पंचवीस वर्षं जिचं नाव एकदाही चुकलं नाही, तिचं नाव गाळलं. यापेक्षा गल्लीत दवंडी पिटली असती तर बरं.

दुसऱ्या दिवशी एकीला चाळणी हवी होती, दुसरीला मिक्सरचं भांडं, तिसरी शेंगाचटणी घेऊन आली. सगळ्यांनी मला विचारलं, सुट्टी किती दिवस आहे? मी आजीवर फुटले. तुला नेहमीसारखं नुसतं, हिला आशीर्वाद दे, एवढं म्हणून पुढं जाता आलं नसतं? ती म्हणाली, खोटं कसं बोलू त्याच्याम्होरं?

तीन आठवड्यांत मी घर सोडून आल्याची बातमी पुण्याहून उलटी आली. महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंची बहीण माझ्या सासरच्यांच्या ओळखीची. आईनं मला काही न विचारता नवऱ्याला फोन केला. तो शनिवारी न्यायला येणार असं ठरलं. आईनं माझे कपडे धुऊन, इस्त्री करून बॅगेवर ठेवले. बाबा पेपर वाचत राहिले. मी ओरडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. आई म्हणे, बाई गं, सगळ्यांच्याच घरी थोडंफार असतं, तुझ्या आजीनं नाही का निभावलं? आजी तिथंच बसलेली. जगाच्या मूळव्याधीवर बोलायला हिला वीस मिनिटं लागतात, आणि माझ्या वेळेला हिची वाचा बसते!

शनिवारच्या आधीचा गुरुवार आमच्या घरी होता. मी आत बसणार होते, पण अध्यक्षबाईंनी मला हाताला धरून मधोमध बसवलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली की ह्या लेकीचं मन नम्र कर, तिचा हट्ट काढून टाक, तिला तिच्या पतीच्या घरी सुखरूप पोचव. सगळ्या बायका एका सुरात आमेन म्हणाल्या. आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपटत होते.

मग आजीचा नंबर. तिनं डोळे मिटले, आणि आजोबांपासून नाही, माझ्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी तिला पुस्तकी भाषा सुचली नाही.

"देवा, आता हितं जे मागितलं, ते तू देऊ नगंस. त्यो हिला मारतो. दोन बारी मारलं, तिसऱ्यांदा हात उगारला. मी कुणाला सांगणार न्हाय म्हणलं हुतं, त्याची माफी दे. तू म्हणशील, धीर धर. मी धरला की. चाळीस वर्सं धरला आणि हितं बसून तुझं आभार मानलं. ते खोटं हुतं, त्याची बी माफी दे. हिला धीर धराया सांगू नगंस."

एवढंच. एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

मला त्या क्षणी काय वाटलं, हे खरं सांगायचं तर लाज वाटते. मला आजोबांचं काही वाटलं नाही, तिच्या चाळीस वर्षांचंही नाही. माझ्या डोक्यात एकच, हिनं शब्द मोडला. आता उद्या दळणाच्या रांगेत माझा मार मोजला जाणार. मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार आपटलं.

शनिवारी कोणी आलं नाही. आईनं त्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि इस्त्रीचे कपडे परत कपाटात लावले. मी राहिले. पुढं वकील, तारखा, नोकरी, सगळं रखडत का होईना झालं. आजीशी मी आठ दिवस बोलले नाही. नंतर बोलायला लागले, पण जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच. त्या गुरुवारचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. ती सभेला जात राहिली. आजोबांचे आभार बंद झाले होते, असं म्हणतात. मी पुन्हा कधी तिच्या शेजारी बसले नाही, त्यामुळं मला माहीत नाही.

दोन वर्षांनी ती गेली. माती देऊन आल्यावर आई भांडी घासता घासता सहज बोलून गेली. तू दार आपटून आत गेलीस ना, म्हणाली, तेव्हा कुणाचं आमेन म्हणायचं धाडस होईना. माझंही झालं नाही. सासूबाई तशाच डोळे मिटून वाट बघत बसल्या. खूप वेळानं डोळे उघडून तुझ्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग आपलं आपणच आमेन म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

मी आईवर ओरडले की हे तू मला आज सांगतेस? ती म्हणाली, तू कधी विचारलंस?